चुलीले आवतन

बेबीबाई मेश्राम साठीला टेकल्या होत्या आणि तरीही बेबी होत्या. आमच्या भंडाऱ्याकडे यात कुणाला काही वाटत नाही. पाळण्यात चिकटलेलं नाव म्हातारपणापर्यंत सुटत नाही, एवढंच. पण या बाईंच्या बाबतीत हाक मारणाऱ्याची पंचाईत व्हायची. उंच, हाडापेराने दणकट, आणि आवाज असा की त्या व्हरांड्यात बोलल्या तर आत तिसरीचा वर्ग आपसूक हाताची घडी घालून बसायचा. आमचे मुख्याध्यापक त्यांना हाक मारताना 'बेबी' इतकं हळू म्हणायचे आणि 'बाई' इतकं जोरात, की लांबून फक्त 'बाई' ऐकू यायचं.

शाळा नगरपरिषदेची, पहिली ते चौथी, भंडारा शहराच्या कडेच्या एका जुन्या वॉर्डात. मी तिथे शिक्षक होतो. घर अड्याळला, रोज मोटारसायकलने ये-जा. बेबीबाईंनी माझं नाव कधी विचारलं नाही. पहिल्या दिवशी गाव विचारलं, आणि मग शेवटपर्यंत मी 'अड्याळवाले सर'च राहिलो. मुख्याध्यापक लांजेवार सर हे 'बडे गुरुजी'. शाळेत येणाऱ्या इतर माणसांना त्या नाव वगैरे विचारायच्या भानगडीत पडतच नसत. थेट काम विचारत.

लांजेवार सर सज्जन माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची एकच खोड होती. गोंदिया वेगळा होऊन दहा-बारा वर्षं उलटली होती, तरी छत का गळतं, खडू का उशिरा येतात, नळ का कोरडा, या सगळ्याचं मूळ ते जिल्ह्याच्या फाळणीत नेऊन भिडवायचे. "आपला जिल्हा फुटला ना, तेव्हापासून," अशी त्यांची सुरुवात असे. अर्धे कागद तिकडे गेले, अर्धे इकडे राहिले, आणि आपलं काम नेमकं तिकडच्या अर्ध्यात अडकलं, असा त्यांचा सिद्धान्त होता. ऐकणारा मान हलवून निघून जायचा. बेबीबाई मान हलवत नसत. त्या म्हणायच्या, "काहून?"

काहून, म्हणजे का, हे तर आमच्याकडे सगळेच म्हणतात. बेबीबाईंच्या काहूनची गंमत अशी की तो विचारून झाल्यावर त्या उत्तरासाठी थांबायच्या. आमच्या खात्यात प्रश्न विचारणारे पुष्कळ येतात, उत्तर ऐकायला थांबणारं सहसा कोणी येत नाही. सरांनी त्या थांबण्याचाच धसका घेतला होता.

त्या शाळेच्या अध्यक्ष झाल्या, त्याही चुकूनच. नवा कायदा आला होता. प्रत्येक शाळेत पालकांची व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात निम्म्या बायका हव्यात, अध्यक्ष पालकांमधूनच हवा. सरांनी सभेची सूचना काढली. सभेला कुणी आलं नाही. म्हणजे बेबीबाई आल्या, पण सभेसाठी नव्हे. त्यांची नात आचल तिसरीत होती, तिची एक चप्पल शाळेतून हरवली होती, आणि उरलेली चप्पल हातात धरून आजी भांडायला आली होती. आचल ही त्यांच्या लेकीची मुलगी. लेक नागपूरला दवाखान्यात नर्स होती, पोरगी इथे आजीजवळ. तेव्हा शाळेच्या लेखी पालक आजीच.

हातात चप्पल घेतलेली बाई दारात पाहून सरांना आधी धडकी भरली आणि मग कल्पना सुचली.

"बसा बाई, बसा. तुमच्यासारख्या जागरूक पालकाचीच गरज आहे. तुम्ही अध्यक्ष व्हा."

"अदक्ष? काहून?"

"म्हणजे सगळी शाळा तुमच्या देखरेखीखाली."

"मंग चप्पल भेटंन?"

"शोधू ना!"

"बरं. मंग मले खुर्ची द्या. हातवाली."

हातवाली खुर्ची शाळेत एकच होती आणि सर तिच्यावर बसले होते. ते उठले. चप्पल काही सापडली नाही.

आम्हाला वाटलं, चार दिवस येतील आणि विसरतील. बेबीबाई रोज यायला लागल्या. प्रार्थनेच्या आधी फाटकात उभ्या. घरात नवी सून आली की सासू जशी लक्ष ठेवते तसं त्या आम्हा शिक्षकांवर लक्ष ठेवायच्या. कोण उशिरा आलं, कोणाचा डबा मोठा आहे, कोण फळ्यावर लिहिताना पुटपुटतं. वर्गात येऊन मागे बसायच्या आणि एखादं पोर उत्तराला अडलं की हळूच सांगायच्या. ते उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असे. एकदा मी चौथीला जिल्ह्याचे तालुके विचारत होतो. बेबीबाईंनी मागून गोंदिया सांगून टाकला. मी म्हटलं, "बाई, गोंदिया आता वेगळा जिल्हा आहे."

"असंन. माही मोठी बहीन तिकडं देल्ली हाय. मी नाही सोडत."

मुलांनी परीक्षेत गोंदिया लिहिला. मी अर्धा गुण दिला.

मुलींच्या संडासाची गोष्ट याच वर्षीची. त्याला कायम कुलूप असे. तपासणी आली की उघडायचं, तपासणी गेली की लावायचं. त्यामुळे तो नेहमी लखलखीत राही आणि सरांना त्याचा अभिमान होता. मुली मात्र मधल्या सुट्टीत घरी पळायच्या, आणि ज्यांचं घर लांब त्या परत येत नसत. आचलने हे आजीला सांगितलं. आजी दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलापुढे.

"बडे गुरुजी, चाबी कुठी हाय?"

"त्याचं असं आहे बाई, आपला जिल्हा फुटला ना, तेव्हापासून सफाईचं पद—"

"संडासाची चाबी बी गोंदियाले गेली का?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. सर गंभीरपणे समजावू लागले: मुलं वापरतात म्हणून घाण होतं, पाणी नाही, माणूस नाही. बेबीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही, निघून गेल्या. दुसऱ्या सकाळी आल्या त्या नवं कुलूप घेऊन, आणि ते त्यांनी आमच्या, म्हणजे शिक्षकांच्या, संडासाला ठोकलं. किल्ली कमरेला खोचली.

"आता हा बी साफ राहीन," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

सर मधल्या सुट्टीपर्यंत टिकले. चहा आला तो त्यांनी परत पाठवला. पाण्याच्या माठाकडे ते बघतही नव्हते. शेवटी त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मुलींच्या संडासाची किल्ली टेबलावर ठेवली. बेबीबाईंनी आपली किल्ली शेजारी ठेवली.  पाण्यासाठी संध्याकाळी बेबीबाईंचे मालक श्रावणजी सायकलला ड्रम बांधून आले. वरठीला कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, अबोल माणूस. मी त्यांना तेवढं एकदाच बोलताना ऐकलं. म्हटलं, "श्रावणजी, तुम्ही कशाला त्रास घेतला?" ते म्हणाले, "तिनं सांगतलं म्हून आलो." पुढे त्यांनीच ओळखीचा एक नळवाला धरून आणला आणि पाइप ओढून घेतला.

एवढं सगळं गमतीत चाललं होतं. पण पुढच्या वर्षी असं संकट आलं की त्याला कुलूप लावून भागणार नव्हतं.

पट घसरत होता. सकाळी वॉर्डाच्या गल्ल्यांत पिवळ्या गाड्या यायच्या आणि टाय बांधलेली लेकरं इंग्रजी शाळेत घेऊन जायच्या. ज्याला परवडे तो लेकरू गाडीत बसवायचा, ज्याला परवडत नसे तो पोटाला चिमटा घेऊन बसवायचा. आमच्याकडे उरलेली मुलं बाकांवर ऐसपैस बसत. मग वरून निरोप आला. येत्या जूनमध्ये पट वाढला नाही तर ही शाळा बंद, आणि मुलं हायवेपलीकडच्या शाळेत. याला समायोजन म्हणतात. शब्द ऐकायला किती छान आहे! भंडाऱ्यातून जाणाऱ्या त्या हायवेवर नागपूर-रायपूरचे ट्रक दिवसभर थांबत नाहीत. पहिलीतलं लेकरू तो रस्ता रोज कसा ओलांडणार, याचा विचार समायोजनात नव्हता.

बेबीबाईंनी निरोप ऐकला तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"माही पोरगी इथंच शिकली जी. इथून सुरू झाली अन् नर्स झाली. पोट्ट्यायचं काही नाही, ते जातीन हायवे पार करून. पोट्ट्यायले पाठवतीन. पोट्टीले कोन पाठवते? घरी बसवतीन अन् म्हनतीन, रस्ता मोठा हाय."

खरं होतं ते. वर्गातल्या कोणत्या कोणत्या मुली घरी बसतील, हे मला तिथल्या तिथे दिसलं.

सरांनी तातडीची पालक सभा बोलावली. सूचना घरोघरी पोचली. सभेला आम्ही होतो, बेबीबाई होत्या आणि एक शेळी होती. बेबीबाईंनी ती सूचना माझ्याकडून वाचून घेतली. 'सर्व पालकांनी न चुकता उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास होणाऱ्या परिणामांस पालक स्वतः जबाबदार राहतील.'

"हे कोन लिवलं?"

"मी," सर म्हणाले.

"असं कोनी बोलावते का जी? मले वाटलं ठान्यातून आलं. मानसाले बोलवाचं असंन तं त्याच्या घरी जाऊन आवतन द्या लागते."

आणि त्या आवतन द्यायला निघाल्या. एका गल्लीत मीही सोबत होतो. दारात उभं राहायचं, घरातल्या म्हाताऱ्याची तब्येत विचारायची, परसातल्या वांग्यांना नावं ठेवायची, आणि निघता निघता सांगायचं, "इतवारी सकाळी शाळेत या. एकट्यानं नाही, सारेच्या सारे. चुलीले आवतन हाय."

आता आमच्याकडे आवतनाचे प्रकार आहेत. माणसाला आवतन म्हणजे घरातून एक जण जाणार. चुलीले आवतन म्हणजे अख्खं घर, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत. त्या दिवशी त्या घरातली चूल पेटायची नाही, कारण सगळे तिकडेच जेवणार. बेबीबाईंना यातलं अख्खं घर हवं होतं. जेवणाचं त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं.

थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी वॉर्ड लोटला. बाया ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून आल्या, म्हातारे धुतलेली टोपी घालून आले, लेकरांचे तेल लावून भांग पाडलेले. लांजेवार सरांना गहिवरून आलं. लोक मैदानात आपणहून ओळीने बसले. त्या ओळी पंगतीसारख्या समोरासमोर का आहेत, हे आम्हाला तेव्हा कळायला हवं होतं. सर बोलायला उभे राहिले. "आपला जिल्हा फुटला ना, तेव्हापासून—"

एका म्हाताऱ्याने हात वर केला. "गुरुजी, भाषन जेवनाच्या आंधी हाय का?"

"कसलं जेवण?"

 मग एक बाई म्हणाली, "कायचं म्हंजे? बेबीबाई चुलीले आवतन देऊन गेल्या. आमच्या घरी चूल नाही पेटली. लेकरं उपाशी आणली."

मी बेबीबाईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. शाळेत त्या वेळी खडू सोडून काही नव्हतं. मागच्या ओळीतलं एक तान्हं रडायला लागलं, त्याचं पाहून दुसरं. 'फसवलं आपल्याले' असं कोणीतरी म्हणालं, आणि दोन-चार जण उठूही लागले. सरांनी माझा हात घट्ट धरला.

बेबीबाईंनी पदर खोचला.

"बसा! आवतन कोनाचं हाय? शाळेचं. अन् शाळा कोनाची हाय?"



"नगरपरिषदेची," सर हळूच म्हणाले.

"तुमी चूप बसा जी. शाळा या गल्लीवाल्यायची हाय. तुमचे लेकरं शिकतेत, तुमचीच शाळा. मंग इथं पाहुना कोन अन् घरवाला कोन? जेचं घर, तो सैपाक करते. उठा. जेच्या घरी जे असंन ते आना."

 मग तो हात वर करणारा म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "वा रे बाई! आमालेच जेवाले बोलावलं अन् आमालेच रांधाले लावलं!" तो हसला म्हणून शेजारचे हसले. मग उठले. कोणी तांदूळ आणले, कोणी लाखोरीची डाळ, कोणी आलू-वांगे. एका कासाराच्या घरून लग्नातला पितळी गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, आला, तो उचलायला चार माणसं लागली. शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये बाया शिरल्या आणि आत जाताच वर पाहून ओरडल्या, कारण पत्र्याला पडलेल्या भोकांतून ऊन थेट डाळीत पडत होतं. पुरुष माणसं जेवणाची वाट पाहत शाळाभर हिंडली. त्यांतले कित्येक जण स्वतः शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. एक गवंडी भिंतीच्या भेगेत बोट घालून बराच वेळ उभा होता. एका बापाला वर्गाच्या भिंतीवर आपल्या मुलीने काढलेलं चित्र दिसलं. त्याने ते शेजाऱ्याला दाखवलं, मग मला दाखवलं, मग पुन्हा शेजाऱ्याला दाखवलं.

सभा गंजाभोवती झाली. डाळ ढवळता ढवळता बेबीबाईंनी समायोजन म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं. हायवेचं नाव निघताच बायांचे हात थांबले. त्या दिवशी कोणी ठराव लिहिला नाही. पण पुढच्या महिन्यात पत्रे बदलले, भेग बुजली, भिंतींना रंग लागला. बचत गटाच्या बाया आळीपाळीने दुपारी खिचडीवर नजर ठेवायला येऊ लागल्या. आमच्यावरही त्यांची नजर असायची. आम्हाला एक बेबीबाई जड होत होत्या, आता अर्धा वॉर्ड झाला.

ते चुलीचं त्या मुद्दाम बोलल्या होत्या की चुकून, हे मी पुढे त्यांना अनेकदा विचारलं. मूड बरा असला तर म्हणायच्या, "मले सारं मालूम होतं." नसला तर, "जाऊ द्या ना जी, चुकी झाली एक डाव." मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या रविवारी एक चूल मात्र आली नव्हती, आणि ती बेबीबाईंच्याच घरातली.

त्यांचा मुलगा विनोद आणि सून वर्षा त्याच घरात समोरच्या खोलीत राहत. लग्नानंतर वर्षभरातच चूल वेगळी झाली होती. भांडण मोठं नव्हतं, भाजीत तिखट किती यावरून सुरू झालं असं ऐकलं. वर्षा बारावी शिकलेली, थोडं बोलणारी, नेमकं बोलणारी. तिची मुलगी परी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी बालवर्गात जायची. बेबीबाई सगळ्या वॉर्डाला आवतन देऊन आल्या, पण समोरच्या खोलीत गेल्या नाहीत. घरच्याला कसलं आवतन, असा त्यांचा हिशेब. वर्षाचा हिशेब सरळ होता: चूल वेगळी, तर आवतन वेगळं. ते आलं नाही, म्हणून ती आली नाही. सासू-सुनेचं बोलणं बंद झालं.

मार्चमध्ये बेबीबाई नव्या मुलांची नावं गोळा करायला घरोघरी निघाल्या तेव्हा हे प्रकरण अंगाशी आलं. जून जवळ येत होता. लोक प्रेमाने बसवत, चहा देत, शाळेचा रंग चांगला झाला म्हणत. नाव घालायचं निघालं की मात्र घरातली बाई अगदी नम्रपणे विचारी, "बाई, तुमची परी कोन्या शाळेत हाय जी?" पुढच्या दारातही तेच. त्यानंतर बेबीबाईंनी दारं ठोठावणं सोडलं. शाळेत आल्या आणि व्हरांड्यात खालीच बसल्या.

"अड्याळवाले सर, माहं नाक कापलं गेलं."

मी म्हटलं, "विनोदला सांगा ना. तुमचा मुलगा आहे, तुमचं ऐकेल."

"पोराले सांगीन तं तो ऐकंन. पन पोट्टी वर्षाची हाय. मायच्या मनाविरुद्ध लेकरू आनून बसवलं तं ते शाळा कायची? ते तं मंग समायोजनच झालं."

 हा शब्द त्यांनी इतका नेमका वापरलेला मी कोणा अधिकाऱ्याकडूनही ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळचं आचलने मला सांगितलं, हसत हसत. आजी आपल्या खोलीतून बाहेर पडली, चप्पल घातली, अंगणातून वळसा घेऊन समोर गेली आणि मामीच्या उघड्या दाराबाहेर परक्या बाईसारखी उभी राहिली. म्हणाली, "वर्षाबाई, सोमवारी शाळा पाहाले या. चुलीले आवतन हाय." सुनेला बाई! आचलला ते सांगतानाही हसू आवरेना. मी विचारलं, "मामी हसली?" ती म्हणाली, "नाही. मामीनं आजीले पानी देल्लं."

सोमवारी वर्षा आली, परीला घेऊन. माझ्या पहिलीच्या वर्गात मागे बसली आणि सकाळची शाळा सुटेपर्यंत बसली. अनेक तपासण्या मी झोपेत पार पाडल्यात, पण त्या दिवशी मला घाम फुटला. परी आधी आईच्या मांडीवर होती, मग मांडीवरून खाली उतरली, मग पुढच्या मुलीच्या पाटीत डोकावू लागली. शेवटी वर्षाने विचारलं, "सर, इथं इंग्रजी कितीक येते?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "वाचायला येईल. फाडफाड बोलायला माझ्याकडून येणार नाही. मलाच येत नाही."

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "तिकडच्या म्याडमले बी नाही येत जी. 'कीप क्वाइट' म्हनते, बस. मी घरी विचारलं तं परी म्हनते, इंग्रजीत चूप बसाचं शिकलो."

हो किंवा नाही, काहीच न बोलता ती निघाली. बेबीबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. अख्खी सकाळ त्या आत आल्या नव्हत्या. सून शेजारून गेली तरी त्यांनी काही विचारलं नाही. साऱ्या जगाला काहून विचारणारी बाई ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि तिला ते किती जड जातंय हे लांबूनही दिसत होतं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

शाळा वाचली, हे सांगून टाकतो. आजही ती भरते. परीमागून तिच्या गल्लीतली लेकरं आली, त्यांच्यामागून पलीकडच्या गल्लीतली, आणि समायोजनाचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. पण मला आठवते ती जूनमधली शाळेची पहिली सकाळ. त्यानंतर लगेच माझी बदली झाली, आणि बेबीबाईंना मी पुन्हा पाहिलं नाही.

आचल चौथी पास होऊन मोठ्या शाळेत गेली होती. त्यामुळे नियमाप्रमाणे बेबीबाई आता पालक नव्हत्या, आणि पालक नाही तर अध्यक्षही नाही. लांजेवार सर या दिवसाची वाट पाहत असतील अशी माझी समजूत होती. वर्षा परीला घेऊन आली, मागे बेबीबाई. सरांनी प्रवेशाचा कागद काढला, घसा साफ केला आणि सुट्टीभर मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"बाई, मी काय म्हणतो, परीची पालक म्हणून आजीचं नाव लावू. आचलचं लावलं होतं तसंच. म्हणजे अध्यक्ष तुम्हीच राहाल. वरून कोणी काही विचारत नाही." मग खाली पाहून म्हणाले, "तुमच्याशिवाय शाळा जमायची नाही बाई."

बेबीबाईंचा हात पेनाकडे गेला. त्यांना ते हवं होतं, फार हवं होतं. दोन वर्षांत मी त्यांना इतकं ओळखू लागलो होतो.  वर्षा बाजूला सरकून सासूला जागा करून देत होती.

हात मधेच थांबला.

"नाही जी," बेबीबाई म्हणाल्या. "मी तं आजी आहो. पालक हे हाय." आणि त्यांनी वर्षाला कोपराला धरून टेबलापुढे आणलं. "हिले द्या पेन. बारावी शिकली हाय. झोकात सही करते."

वर्षाने सासूकडे पाहिलं. मग वाकून सही केली. ती सही करत असताना बेबीबाई बाहेर पडल्या. प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या, मी व्हरांड्यात होतो. माझ्याजवळून गेल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि माझेही भरले. 

फाटकापाशी एक तरुण बाई लेकराचं बोट धरून घुटमळत होती. शाळेच्या पाटीकडे पाहायची, पिवळ्या गाडीच्या दिशेने पाहायची. तिने बेबीबाईंना विचारलं, "इथं नाव टाकाचं असंन तं कोनाले भेटा लागते जी?"

बेबीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि एकदा मागे वळून ऑफिसच्या दाराकडे पाहिलं.

"आत जा," त्या म्हणाल्या. "माही सून बसली हाय तिथं."